दुखत नाही, त्याचीच घाई

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहितेय. आठ दिवसांत आमच्या घरात दातांवरून जे झालं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझा मुलगा १० वर्षांचा. मागच्या शनिवारी संध्याकाळी शाळेजवळच्या हापशीवर पोरं लोंबकळत होती. दांडा उसळला आणि याच्या तोंडावर बसला. वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर! रक्त थोडंसंच आलं. पाच मिनिटं रडला आणि परत खेळायला पळाला. मी दात मातीतून उचलला, साबण लावून घासून धुतला आणि कागदाच्या पुडीत बांधून देवघरात ठेवला. रविवारी दवाखाने बंद. सोमवारी नेलं तर डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला.

त्याच रविवारी रात्री सासऱ्यांची खालची दाढ ठणकायला लागली. ते ६७ वर्षांचे. साखर आहे, हृदयात स्टेंट बसवलाय, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी होतं. रात्री दीड वाजता गाडी करून ४० किलोमीटर गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या आणि सकाळी दातांच्या डॉक्टरकडे जा म्हणाले. बुधवारी ठणका आपोआप थांबला. आता ते म्हणतात, "बरं झालंय, कशाला जायचं? आणि दाढ काढली की नजर जाते." जबड्याखाली थोडी सूज दिसतेय, पण दुखत नाही म्हणतात.

मुलासाठी धावले नाही आणि सासऱ्यांसाठी उगाच धावलो, असं वाटत राहतं. माझं काय चुकलं? आणि असं काही झालं तर रात्री-बेरात्री जायचं तरी कुठं?

— एक आई

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा दुपारचे पेशंट संपवून मी चहा घेत होते. शेवटून दुसरा परिच्छेद वाचला आणि कप तसाच ठेवून तुमच्या नंबरावर फोन लावला. सासऱ्यांची गोष्ट सदराची वाट बघण्यासारखी नव्हती. फोनवर तुम्ही म्हणालात, "मॅडम, सूज थोडीशीच आहे." मी त्यांना तोंड उघडायला सांगा म्हटलं. तुम्ही तिकडून ओरडलात, "एक बोट पण जाईना!" त्यापुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच संध्याकाळी त्यांना मोठ्या दवाखान्यात भरती केलं, साखर ३००च्या वर निघाली, पू काढला आणि दोन दिवसांनी दाढही काढली. नजर शाबूत आहे, पेपर वाचतायत, असा तुमचा मेसेज आला तेव्हा कुठे मी हे उत्तर लिहायला बसले. पत्र छापायला तुम्ही परवानगी दिलीत, त्याबद्दल आभार. हापशी प्रत्येक गावात आहे आणि असे सासरे प्रत्येक घरात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमचं चुकलं ते एवढंच, की तुम्ही दुखण्यावरून घाई ठरवलीत. कुणीही तेच करतं. पोटात दुखलं, छातीत दुखलं तर तेच बरोबर असतं. दातांचं मात्र सगळं उलटं आहे. मुलाचा दात पडला, त्याला फारसं दुखलं नाही, आणि तिथं एकेक मिनिट मोलाचं होतं. सासऱ्यांची दाढ रविवारी रात्री जीव जाईस्तोवर ठणकत होती, पण ती सकाळपर्यंत थांबू शकली असती. बुधवारी ठणका गेला, घर निवांत झोपलं, आणि खरा धोका सुरू झाला तो तेव्हा.

आधी मुलाचा दात, कारण त्याचाच सल तुम्हाला जास्त आहे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये अगदी पातळ, मऊ असा पडदा असतो आणि त्याच्या तंतूंवर दात झोळीत टांगल्यासारखा असतो. दात मुळासकट निघतो तेव्हा हा पडदा फाटतो. त्यातला निम्मा मुळाला चिकटून बाहेर येतो, निम्मा खाचेत राहतो. मुळावरच्या या पेशी जिवंत असेपर्यंत दात परत खाचेत बसवला, तर तो पुन्हा धरतो. पण त्या कोरड्या पडल्या की मरायला लागतात. अर्ध्या तासाच्या आत दात बसला तर आशा चांगली, आणि दात कोरडा राहून एक तास उलटला की पेशी जवळजवळ संपलेल्या असतात. साबण आणि घासणं म्हणजे त्या पेशी हातानं खरवडून काढणं. तुम्ही दात स्वच्छ केलात, आणि नेमकं जे जपायचं तेच धुऊन गेलं. आता स्वतःला बोल लावू नका. दातांच्या प्रथमोपचाराचं हे कुणी कुठं शिकवतच नाही. मुलांना आपण धनुर्वाताची लस न चुकता देतो, पण पडलेला दात कुठं धरायचा हे शिक्षकांनाही ठाऊक नसतं.

म्हणून सांगते, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापानं आणि मास्तरांनी लक्षात ठेवावं. कायमचा दात मुळासकट पडला तर तो शोधा आणि उचला, पण चावायच्या बाजूनं, म्हणजे पांढरा चकचकीत भाग धरून. पिवळसर, निमुळत्या मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधात नाहीतर वाहत्या गार पाण्यात काही सेकंद विसळा. घासू नका, पुसू नका, साबण-डेटॉल तर नाहीच. आणि मग, धीर करून, जागच्या जागी खाचेत बसवा. शेजारच्या दाताकडे बघितलं की पुढची बाजू कुठली ते लगेच कळतं. मुलाला घडी केलेला रुमाल हळूच दाताखाली धरून तोंड मिटायला सांगा आणि थेट दातांचा डॉक्टर गाठा. ऐकायला भयंकर वाटतं, मला माहीत आहे. पण पहिल्या काही मिनिटांत तिथं बधिरपणा असतो, पोराला वाटतो तेवढा त्रास होत नाही.

हिंमत झाली नाही, किंवा पोर बसूच देईना, तर दात दुधात टाका. पिशवीतलं थंड दूध उत्तम. ते नसलं तर घरात असेल ते गार, बिनसाखरेचं दूध. दुधातलं क्षारांचं प्रमाण पेशींना मानवतं. साध्या पाण्यात त्या पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, म्हणून दात पाण्यात ठेवत नाहीत. दूध हाताशी नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात ठेवा. मोठं माणूस असेल तर गालाच्या आत धरून आणता येतो. लहान मुलाला हे सांगू नका, गिळून टाकेल. कोकणातले एक वाचक मागे विचारत होते, शहाळ्याचं पाणी चालेल का. त्यावर अभ्यास झालेत, पण शहाळं आंबट गुणाचं, निष्कर्षही एकसारखे नाहीत. गोठ्यात गाय असताना झाडावर कशाला चढता, एवढंच मी त्यांना कळवलं.

माझ्याकडे एकदा एक शिक्षिका पाचवीतल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा त्यांच्या स्कूटरवर मागे बसून तोंडाला रुमाल लावलेला, आणि बाईंच्या पर्समध्ये मुलीचा टिफिनचा छोटा स्टीलचा डबा. डबा उघडला तर दुधात दात! पुस्तकात वाचलं तसं हातात आलेलं मी तोवर एकदाही बघितलं नव्हतं. पडल्यापासून २५ मिनिटं झाली होती. दात बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं दोन आठवडे बांधून ठेवला, नंतर रूट कॅनल केलं. तो मुलगा आता कॉलेजात आहे. दात जरासा पिवळसर दिसतो, पण स्वतःचा आहे. बाईंना हे कुठून कळलं विचारलं तर म्हणाल्या, त्यांच्या बहिणीच्या मुलाचा दात असाच गेला होता. म्हणजे एका घरानं किंमत मोजली तेव्हा दुसऱ्याचा दात वाचला.

एक पथ्य मात्र पाळा. दुधाचा दात पडला असेल तर तो कधीही परत बसवायचा नाही. त्याच्या मुळाशी कायमच्या दाताची कळी असते, तिला इजा होते. वरचे समोरचे कायमचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्याआधी पडला तो बहुतेक दुधाचाच. शंका असेल तर बसवू नका, दुधात ठेवा आणि आणा. आम्ही बघून सांगतो.

दात पूर्ण न पडता तुटला असेल तर तुकडा शोधा. तो पाण्यात किंवा दुधात ठेवून आणलात तर पुष्कळदा चिकटवता येतो, आणि नवा भाग बांधण्यापेक्षा रंग बरा जुळतो. तुकडा सापडलाच नाही आणि ओठ फुटून सुजला असेल, तर डॉक्टरांना ओठ तपासायला सांगा. एका मुलाच्या ओठाला दुसरीकडे टाके घालून झाले होते, महिनाभरानं तो गाठ दाखवायला माझ्याकडे आला, आणि आतून निघाला दाताचा तुकडा. दात आत घुसून आखूड दिसत असेल किंवा वाकडा झाला असेल तरी त्याच दिवशी दाखवायचं. आणि पडल्यावर मूल बेशुद्ध झालं, उलट्या झाल्या, गुंगीत गेलं, किंवा वरचे-खालचे दात नेहमीसारखे एकमेकांवर बसेनात, तर दात राहू द्या दुधात, आधी मोठा दवाखाना. डोक्याला मार किंवा जबड्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता असते. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायला विसरू नका.

आता रात्रीच्या ठणक्याकडे. तुम्हाला वाटलं दीड वाजता गेलो ते फुकट गेलं. त्या डॉक्टरांनी तुम्हाला फसवलं नाही. रात्री दीड वाजता दाढेचं त्यापलीकडे फार काही करता येत नाही, आणि चांगली गोष्ट अशी की बहुतेक वेळा करावंही लागत नाही. दाढेच्या आत नस असते, ती चारी बाजूंनी टणक भिंतींत कोंडलेली. कीड खोल गेली की ती सुजते, आणि सुजायला जागा नसते. पायाला सूज आली तर पाय फुगतो, इथं फुगायला वावच नाही, म्हणून ठणका. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, दिवसाची गडबडही नसते, म्हणून दाढ रात्रीच उठते. दोन उशा घेऊन अर्धवट बसून झोपल्यानं थोडा तरी फरक पडतो.

एक एसटी कंडक्टर माझ्याकडे आले होते ते अजून डोळ्यांसमोर आहेत. एका हातात तिकीट मशीनची बॅग, दुसऱ्या हातात थंड पाण्याची बाटली. बोलताना दर अर्ध्या मिनिटाला घोट घ्यायचे, गालात धरायचे, गिळायचे. घोट संपला की चेहरा पिळवटायचा. रात्रभर असंच बसलो होतो म्हणाले. गरम लागलं की कळ आणि गार पाण्यानं आराम, असं झालं की समजायचं नस आता वाचणार नाही. त्यांची दाढ उघडली, आतला दाब मोकळा झाला, आणि दहा मिनिटांनी बाटली खुर्चीच्या कडेलाच विसरून गेले. ठणक्यावर खरा उतारा हाच. गोळी रात्र काढून देते, बाकी काही नाही.

रात्र काढायची कशी? कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा, दाढेत काही अडकलं असेल तर दोऱ्यानं काढा, बाहेरून गालाला गार कापड लावा. लवंगेचं तेल चालतं, पण एकच थेंब कापसावर घेऊन दाढेच्या खड्ड्यात. हिरडीला माखलं तर हिरडी भाजते. गोळी गिळायची असते, दाढेत धरायची नसते! ॲस्पिरिन गालात धरून झोपलेली आणि सकाळी आतून गालाची पांढरी सालपटं घेऊन आलेली माणसं मी दरवर्षी बघते. दाढ दुखायची ती दुखतेच, वर गाल भाजलेला. मिश्री लावून ठणका मारणं हा तर आपल्याकडचा जुना उद्योग. तंबाखूनं जरा बधिर वाटतं, आणि सवय जन्माला पुरते.

मोठ्या, एरवी निरोगी माणसाला जेवणानंतर आयब्रुफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र दिलं तर दाढेच्या ठणक्यावर चांगला उपयोग होतो. पण तुमच्या सासऱ्यांना हे चालणार नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणाऱ्यांना, किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांना, दमेकऱ्यांना आणि गरोदर बाईला आयब्रुफेन स्वतःच्या मनानं देऊ नका. अंगात ताप असून डेंग्यूची शंका असेल तरी नाही. अशांना नुसतं पॅरासिटामॉल. मुलांनाही तेच, वजनाच्या हिशोबानं.

आणि कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कपाटातच राहू द्या. फोनवर तुम्ही सांगितलंत, सासऱ्यांनी मागच्या खोकल्याच्या उरलेल्या चार गोळ्या घेतल्या होत्या. नस सुजलेल्या दाढेवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. पू झाल्यावरही मुख्य काम पू बाहेर काढण्याचं असतं, गोळी मदतीला. चार गोळ्यांनी काही झालं असेल तर एवढंच, की घरच्यांना वाटलं औषध चालू आहे.

मग बुधवारी ठणका थांबला कसा? नस मेली. मेलेली नस दुखत नाही. पण तिच्या जागी जंतू राहतात, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथं पू धरतो. पू हाडात कोंडलेला असतो तेव्हा पुन्हा एकदा ठणका उठतो, आणि हाड फोडून मऊ भागात शिरला की दाब सुटतो आणि माणसाला हायसं वाटतं. नेमकं त्याच वेळी सूज येते. वरच्या दाढेची सूज डोळ्याकडे चढते, खालच्या दाढेची जबड्याखाली आणि मानेत उतरते. जिभेखाली दोन्ही बाजूंना पसरली की जीभ वर ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली या दुखण्याचं वर्णन करून ठेवलंय, आजही ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. अँटिबायोटिक यायच्या आधी या सुजेनं निम्म्याहून अधिक रोगी दगावत. साखर असलेल्या माणसात ती फार भराभर पसरते.

म्हणून सुजेच्या बाबतीत मी हट्टी आहे. जबड्याखाली किंवा मानेकडे सूज, तोंड नीट न उघडणं (स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत), थुंकी गिळताना त्रास, आवाज घोगरा किंवा तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखा, थंडीताप, डोळा मिटत चाललेला. यातलं एक जरी दिसलं तर दातांच्या दवाखान्याच्या दाराशी थांबू नका, रात्र असो की गौरी जेवणाचा दिवस. भरती करून घेणाऱ्या, भूल देणाऱ्या डॉक्टरची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. १०८ला फोन करा, गाडीला पैसे पडत नाहीत. आणि सुजेला वरून शेक देऊ नका. आजी-आजोबांचा विटेचा गरम शेक इथं उलटा पडतो.

दुखणं दाढेचंच आहे ना, हेही बघा. खालच्या डाव्या जबड्यात कळ, सोबत घाम, छातीत दडपण, चालल्यावर वाढणारी, असं असेल तर तो हृदयाचा निरोप असू शकतो. स्टेंटवाल्या माणसाच्या घरात हे माहीत असलेलं बरं. आणि कुणीतरी गावात सांगितलं म्हणालात, की दाढ काढायच्या आधी पाच दिवस रक्ताची गोळी बंद करायची. परस्पर कधीही बंद करू नका. दाढेचं रक्त आम्ही दाबून, टाके घालून थांबवू शकतो. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती थांबवणं आमच्या हातात नाही. काय करायचं ते दातांचे आणि हृदयाचे डॉक्टर आपसात बोलून ठरवतील.

नजर जाण्याचं म्हणाल, तर हा समज मी वीस-बावीस वर्षं ऐकतेय. वरचा सुळा डोळ्याच्या रेषेत येतो म्हणून लोकांनी जोडलेला धागा आहे. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. आणि तुमच्या सासऱ्यांची तर खालची दाढ होती. म्हाताऱ्या माणसांची चाळिशीनंतर नजरही अधू होते आणि दातही काढावे लागतात, दोन्ही एकाच सुमारास, एवढंच.

जायचं कुठं? खरं सांगायचं तर आपल्याकडे रात्री उघडा असणारा दातांचा दवाखाना शहरातसुद्धा शोधावा लागतो. त्यामुळे शोध दुखायच्या आधी घ्या. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक आहेत का, कुठल्या वारी असतात, हे एकदा जाऊन विचारून या. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. जवळ डेंटल कॉलेज असेल, सरकारी असो की खासगी, तर त्यांचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि रात्री जबड्याच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर कॉलवर असतात का ते विचारून ठेवा. मुंबईत सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. ही ठिकाणं अवघड केससाठी लांबून येणाऱ्यांनाही ओळखीची आहेत आणि खर्चही बेताचा.

खासगी दवाखान्यात फोन कराल तेव्हा "दात दुखतोय, नंबर लावा" एवढंच म्हणू नका. रिसेप्शनवरची मुलगी तुम्हाला गुरुवार देईल, तिचा दोष नाही. रात्री झोपमोड होते का, सूज आहे का, ताप आहे का, तोंड उघडतंय का, साखर-बीपी-हृदयाचं काय चालू आहे, हे पहिल्या दमात सांगा. दात पडला असेल तर किती मिनिटं झाली आणि दात दुधात आहे, हे सांगा. हे ऐकल्यावर आम्ही खुर्चीतल्या पेशंटला थोडं थांबवतो. आणि ठणक्यासाठी गेलात तर नुसती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परत येऊ नका. "दाढ आज उघडून मिळेल का?" असं स्पष्ट विचारा, किती खर्च तेही विचारा. रूट कॅनलचे पैसे लगेच जमत नसतील तर तसं सांगा. दाढ उघडून तात्पुरतं औषध भरून काही दिवस निभावता येतं.

आता तुमचा मुलगा. "फार उशीर झाला" म्हणणारे डॉक्टर चुकीचे नाहीत. तास उलटल्यावरही कधी कधी हाड आणि जागा राखण्यासाठी दात बसवतात, पण वाढत्या वयात असा दात हाडाला जखडतो, शेजारचे दात खाली येतात आणि तो वरच राहतो, हळूहळू त्याचं मूळही विरघळतं. दोन दिवस कोरडा राहिलेल्या, साबणानं घासलेल्या दाताचा भरवसा कमीच. त्यामुळे आता जागा राखायची. शेजारचे दात त्या फटीकडे कलू नयेत म्हणून एक दात असलेली, काढता-घालता येणारी छोटी प्लेट करून घ्या. वाढ चालू असल्यामुळे ती मधूनमधून बदलावी लागेल. स्क्रूचा दात, म्हणजे इम्प्लांट, इतक्यात कुणी सुचवलं तर नको म्हणा. जबड्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय तो बसवत नाहीत, म्हणजे अठराच्या पुढेच. मध्ये एकदा दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या, कधी कधी शेजारचा दात सरकवून जागा भरता येते. ज्या दातांना तोच दांडा लागला असेल, त्यांचाही एक्स-रे काढून ठेवा आणि वर्षभर लक्ष असू द्या. मार लागलेला दात महिन्यांनी काळा पडतो, तोही न दुखता.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण फोनवर मागून त्याचा आवाज आला होता. गॅदरिंगमध्ये त्याला शिवाजी व्हायचंय आणि "स्वराज्य" म्हणताना हवा जाते म्हणून तो रुसलाय. प्लेटला दोन खेपा लागतील. गॅदरिंगला किती दिवस आहेत ते बघून डॉक्टरांना तारीख आधीच सांगा. आणि जाताना देवघरातली ती पुडी बरोबर न्या. दात परत बसणार नाही, पण मूळ पूर्ण बाहेर आलंय की टोक आत मोडून राहिलंय, हे तो दात आणि एक्स-रे शेजारी ठेवल्यावर कळतं.